विझलेल्या दिव्याला हात लावताना

माय,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू कंदील दाखवलास तेव्हा मी जेवत होतो. घास हातातच राहिला. भोकरदनच्या घरी माळ्यावर धूळ खात पडलेला हाच तो. तू त्याला अँटिक म्हणतेस. माझ्या वडिलांनी तो राजूरच्या अंगारकीला, परत निघता निघता अंधार पडला म्हणून घेतला होता, एवढाच त्याचा इतिहास. काच शाबूत राहिली हेच नवल. त्यात बल्ब बसवून संभाजीनगरच्या खोलीत टांगायचा तुझा बेत मला आवडला. घास अडला तो वायर बघून. आरपार दिसणारी, एक तार तांबूस, दुसरी चांदीसारखी. पोरी, ती स्पीकरची वायर आहे. तिचं साल गाण्याच्या आवाजापुरतं. २३० व्होल्ट अडवून धरायला ते बनवलेलंच नाही.

वरून तू म्हणालीस, "आबा, मी व्हिडिओत बघितलंय सगळं. रेघोट्या असलेली बाजू न्यूट्रल."

मग तुझ्या आजीने फोन ओढून घेतला आणि विषय मेथीच्या भाजीवर गेला. म्हणून आता लिहायला बसलोय. पन्नास वर्षं पकड आणि टेस्टर खिशात घेऊन जालन्यात हिंडलो. त्यातलं तुझ्या कंदिलापुरतं तरी तुझ्या कानावर घालतो.

आधी तो व्हिडिओ. तो अमेरिकेतला असणार. तिथे तो खराच आहे. तिथल्या घरात १२० व्होल्ट असतात आणि दिव्याच्या दोन पात्यांच्या पिनेतलं एक पातं रुंद असतं. भिंतीतली एक फटही तेवढीच रुंद, त्यामुळे पिन एकाच बाजूने बसते. रेघोट्यावाली तार त्या रुंद पात्याला, म्हणून ती कायम न्यूट्रल. आपली दोन गोल पिनांची पिन घे आणि सॉकेटात घालून बघ. सरळ घाल, उलटी घाल, बसतेच. आज जी तार फेजला आहे ती उद्या झाडू मारताना पिन काढून परत घातली की न्यूट्रलला जाईल. रेघोट्या काय सांगणार?

त्याहून मोठा घोळ रंगांचा. अमेरिकेत काळी तार फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या घराच्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल, लाल फेज, हिरवी अर्थिंग. तिथला व्हिडिओ बघून इथे कुणी काळ्या तारेला 'जिवंत' समजून लाल बिनधास्त पकडली तर काय होईल ते तुला सांगायला नको. आणि आपल्याच घरात आणखी एक गंमत आहे. इस्त्री, टेबल फॅन, दिवा यांना जी लवचीक वायर येते तिच्यात तपकिरी तार फेज, फिकी निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. पण थ्री फेज आलेल्या घरात लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज असतात. म्हणजे उपकरणाच्या वायरीत निळी थंड आणि भिंतीतली निळी गरम असू शकते. मी रंगावर कधी विसंबलो नाही. रंग म्हणजे आधीच्या वायरमनने ठेवलेली चिठ्ठी. त्याने ती शुद्धीत लिहिली का कंटाळून, ते टेस्टर लावल्यावर कळतं.

हे मी शहाणपणाने शिकलो असं समजू नकोस. १९६९ साल असेल, मी एकोणीस वर्षांचा. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, आपला जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडायचा होता. मी एका उस्तादांच्या हाताखाली होतो. कुंडलिकेच्या पलीकडे, नव्या जालन्यात एका भुसार दुकानात आम्ही लाकडी पट्टीवर वायरिंग केलं. निम्मी बटणं उस्तादांनी मला बसवू दिली. महिन्याभराने दुकानदाराचा निरोप आला, विजेचा एक गोळा लागत नाही. उस्ताद म्हणाले, जा तू, बघून ये.

मी गेलो. बटण बंद केलं. दोनदा खालीवर करून खात्रीही केली. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढलो, डावा हात आधाराला लोखंडी गर्डरवर ठेवला आणि उजव्या हाताने पितळी होल्डर धरला. पुढचं आठवतं ते असं: दंडात कुणी मुसळ घातलं, जीभ दातांखाली आली, आणि मी दोन थप्प्यांच्या मधल्या बोळीत उताणा पडलो होतो, तोंडावर तुरीचा भुसा. पाय निसटला म्हणून हात सुटला. नाहीतर तुझी आई जन्माला येण्याचा प्रश्नच नव्हता.

उस्ताद आले. मला उठवण्याआधी त्यांनी एकच विचारलं, बटण कुठल्या तारेत टाकलं होतंस? मी न्यूट्रलमध्ये टाकलं होतं. बटण बंद केलं की दिवा विझायचा, कारण परतीची वाट तुटायची. पण फेज सरळ होल्डरपर्यंत येऊन बसलेली असायची. त्यात होल्डरची एक पिन स्प्रिंग ढिली होऊन कलली होती आणि पितळी अंगाला टेकली होती. सगळा होल्डर जिवंत, आणि खाली बटण इमानदारीने 'बंद' दाखवतंय. उस्ताद त्यांच्या दखनीत म्हणाले, "बत्ती सोती है बेटा, करंट नहीं सोता." मग मला चहा पाजला आणि त्या दुकानातली मी बसवलेली सगळी बटणं, अकराच्या अकरा, एकेक करून उघडायला लावली. चार उलटी निघाली.

तेव्हापासून विझलेल्या दिव्याकडे मी संशयानेच बघतो. तुला जे सांगायचंय ते सगळं यातूनच निघतं.

तुझ्या खोलीतलं बटण बरोबर तारेत आहे का, हे ओळखायची एक युक्ती आता एलईडीमुळे फुकटात मिळाली आहे. रात्री दिवा बंद कर, खोलीत पूर्ण काळोख कर आणि बल्बकडे बघ. तो भुतासारखा मंद उजळत असेल किंवा मधूनच लुकलुकत असेल, तर बटण न्यूट्रलमध्ये असण्याची शक्यता मोठी. कधी बटणातल्या लाल इंडिकेटरमुळेही तसं होतं, कधी लांब वायर शेजारच्या वायरीतून थोडा दाब उचलते, त्यामुळे लगेच घरमालकाशी भांडू नकोस. पण वायरमनला दाखव. जुना साठचा गोळा असल्या चुगल्या करत नव्हता, त्याला पेटायला भरपूर करंट लागायचा.

आता कंदील. तो लोखंडी पत्र्याचा आहे, हे सगळ्यात आधी ध्यानात घे. प्लास्टिकच्या टेबल लॅम्पला दोन तारा चालतात, कारण आत तार सुटली तरी अंगाला वीज येत नाही. धातूच्या दिव्याला तिसरी तार लागतेच. म्हणून तीन तारांची गोल वायर घे, आयएसआय खुणेची, वर आयएस ६९४ छापलेलं असतं. जाडी ०.७५ चौरस मिलिमीटर. दुकानात बंडलावर २४/०.२० असं दिसेल, म्हणजे प्रत्येक तारेत ०.२० मिलिमीटरचे चोवीस केस. आमच्या वेळी हेच 'तेवीस-छत्तीस' नावाने मागायचो: तेवीस केस, छत्तीस गेजचे. त्याहून जाड हवी तर 'चाळीस-छत्तीस'. अजूनही सदर बाजारातला एखादा म्हातारा दुकानदार हे ऐकून तुला आदराने स्टूल देईल.

स्वस्त वायर घेऊ नकोस. ब्लेडने एक केस खरवडून बघ. वरून तांबूस आणि आत पांढरा निघाला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम आहे. चारपाच वेळा इकडेतिकडे वाकवला की तुटतो, आणि स्क्रूखाली काही महिन्यांत ढिला पडतो. ढिला पडला की तिथे गरम होतं. होल्डर काळे पडण्याची निम्मी कारणं या ढिलेपणात असतात. बाजारात हल्ली कापडी विणीच्या रंगीत वायरी आल्यात, तुला त्या आवडतील. घे, फक्त आत तीन तारा आणि नवं पीव्हीसीचं साल आहे ना ते बघ. माळ्यावरच्या पेटीत माझी जुनी कापडी वायर आहे, तिला मात्र हात लावू नकोस. तिच्या आतलं रबर कधीच वाळून गेलंय, वाकवलं की भाजलेल्या पापडासारखं गळतं.

दिव्याची वायर दिव्यालाच. ९ वॅटचा बल्ब जेमतेम ०.०४ अँपिअर घेतो, ही वायर साधारण सहा अँपिअरपर्यंतची, म्हणजे तिला तो पिसासारखा. पण तुमच्या खोलीतल्या मुली याच वायरीच्या एक्स्टेन्शनवर पाणी तापवायची कांडी लावतात, हे मला तुझ्या आईकडून कळलंय. १५०० वॅटची कांडी साडेसहा अँपिअर ओढते. करंट दुप्पट झाला की तापणं चौपट होतं. शिवाय वायर गुंडाळून पलंगाखाली टाकलेली असली तर उष्णतेला जायला जागा नाही. पुढे बोलत नाही.

कामाला बसताना आधी टाकी धू. रॉकेल कधीच संपलं असं वाटतं, पण वास राहतो तिथे वाफही राहते. गरम पाणी, साबण, मग दोन दिवस उन्हात उघडी. त्यानंतरच छिद्र पाड. छिद्राची कड कानशीने घास आणि त्यात रबरी बुश बसव. पत्र्याची धार वायरीचं साल रोज थोडं थोडं कापते. तू कंदील झुलवशील, वारा झुलवेल, आणि एक दिवस तांबं पत्र्याला भेटेल.

वायर सोलायची कशी, हे मी तुला समोर बसवून दाखवलं असतं. दातांनी नाही, हे आधी. माझ्या पुढच्या दाताचा जो टवका उडालाय, त्याला आजी पानसुपारीचा प्रताप म्हणते, तो खरा या सवयीचा. बाहेरचं जाड साल तीन बोटं लांब काढ. वायर बोटाभोवती किंचित वाकव आणि वाकलेल्या जागी ब्लेड हलकेच टेकव, ताणामुळे साल आपोआप फाकतं, आतल्या तारांना धार लागत नाही. मग प्रत्येक तारेचं रंगीत साल नखाएवढं, पाऊण सेंटिमीटर. काढून झालं की केस मोज. चोवीसपैकी पाच ब्लेडखाली गेले असतील तर टोक कापून टाक आणि पुन्हा सोल. वायर महाग नाही. उरलेले केस अंगठा आणि तर्जनीत धरून उजवीकडे पीळ, समईची वात वळतात तसे. एकही केस बाहेर भरकटलेला नको. आत तो एक केसच दुसऱ्या तारेला टेकतो आणि भडका उडतो. पिळलेली तार दुमडायची आणि स्क्रूच्या छिद्रात घालायची. स्क्रूभोवती आकडा घालायचा असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते. उलटा घातला तर आवळता आवळता बाहेर पळते. टोकाला सोल्डरचा थर देऊन मग स्क्रूखाली दाबू नकोस. छान दिसतं खरं, पण सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू चेपत जातो आणि सांधा सैल होतो. स्क्रू कसल्यावर प्रत्येक तार ओढून बघ. निघाली तर आत्ताच निघू दे.

आता गाठ. ही मला उस्तादांनी शिकवली आणि मी ती कुणाला फुकट शिकवली नाही. वायर पत्र्याच्या छिद्रातून आत आली की तपकिरी आणि निळी तार घे. तपकिरीचा एक फास कर, तिचं टोक निळीच्या मागून जाऊ दे. निळीचाही तसाच फास कर आणि तिचं टोक तपकिरीच्या फासातून काढ. दोन्ही टोकं एकदम ओढ. एक चपटी, जाडसर गाठ बसते, छिद्रातून न निसटणारी. कुणी वायरीला हिसका दिला तर तो गाठीवर येतो, स्क्रूखालच्या केसांवर येत नाही. हिरवी-पिवळी तार गाठीत घेऊ नकोस, तिला बाजूने मोकळी आणि थोडी लांब ठेव. तरीसुद्धा कंदिलाचं वजन साखळीवर टाक, वायरीवर नको.

होल्डरच्या बाबतीत तू कुठला घेतेस त्यावर आहे. आपला नेहमीचा, खटक्यात फिरवून बसवायचा पिनवाला होल्डर घेतलास, बाजारात तो बी२२, तर दोन्ही पिना सारख्या, तार कुठेही लाव. पण सजावटीच्या दिव्यांना हल्ली आट्यांचा होल्डर येतो, ई२७. त्यात भेदभाव आहे. तळाशी मधोमध जो छोटा पत्रा असतो त्याला फेज, म्हणजे तपकिरी. आट्यांच्या कड्याला न्यूट्रल. उलटं लावलंस तरी दिवा तितकाच झकास लागेल, तुला कळणारही नाही. बल्ब बदलताना अर्धवट बाहेर आलेल्या बल्बच्या धातूला बोट लागलं की कळेल. दिवा लागला म्हणजे काम बरोबर झालं, असं म्हणणारे वायरमन मी पुष्कळ पाहिलेत.

मधलं बटण, वायरीवरचं, लावणार असशील तर त्यात फक्त तपकिरी तार तोड. निळी आणि हिरवी-पिवळी अखंड जाऊ देत.

शेवटी तीन पिनांची पिन. आत अक्षरं असतात. एल म्हणजे फेज, तपकिरी. एन म्हणजे न्यूट्रल, निळी. वरच्या लांब जाड पिनेला हिरवी-पिवळी. ती पिन लांब का, हे कधी विचारलंस? सॉकेटात शिरताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. राखणदार आधी येतो, शेवटी जातो. त्याच न्यायाने पिनेच्या आत हिरवी-पिवळी तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेव, म्हणजे वायर ओढली गेलीच तर फेज आधी तुटेल, अर्थिंग नंतर. तिचं दुसरं टोक कंदिलाच्या अंगाला स्क्रू आणि वॉशरने कस, पण आधी तिथला रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत कर. रंगावर कसलेली अर्थिंग नुसती शोभेची.

हे सगळं तू उत्तम करशील आणि भिंतीतल्या सॉकेटात तिसरं भोक रिकामं असेल. भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास दिसतं: भोक आहे, मागे तार नाही. त्याहून वाईट म्हणजे मागे न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंत एक तुकडा जोडून ठेवलेला. तपासणाऱ्याला अर्थिंग असल्यासारखी दिसते. आणि ज्या दिवशी न्यूट्रल कुठे तुटते, त्या दिवशी खोलीतलं प्रत्येक धातूचं अंग फेजला जातं. हा पूल करणाऱ्यांना मी कारागीर म्हणत नाही. बोर्ड तू उघडायचा नाहीस. घरमालकाला सांगून परवाना असलेला वायरमन बोलाव आणि त्याच्याकडून तीन गोष्टी बघून घे: सॉकेटाकडे तोंड केल्यावर, मोठं भोक वर, उजव्या हाताच्या भोकात फेज आहे का, अर्थिंग खरी आहे का, आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे का.

ही आरसीसीबी कशाला, एमसीबी आहे की, असं घरमालक म्हणेल. एमसीबी वायरीला वाचवते. सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलीअँपिअरपर्यंत ढिम्म हलत नाही. माणूस चाळीस-पन्नास मिलीअँपिअर छातीतून गेले तरी दगावू शकतो. ९ वॅटच्या बल्बला लागतो साधारण तेवढाच करंट. आरसीसीबी गेलेला आणि आलेला करंट तोलून बघते. मधेच तीस मिलीअँपिअर कुठे गळाले की क्षणात तोडते. तिच्यावर एक चाचणीचं बटण असतं, महिन्याला एकदा दाबून बघ.

अर्थिंगवरून आठवलं, हे तुझ्या कामाचं नाही पण आजीला सांग. आपली जमीन काळी, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा चैत्र-वैशाखात कोरडा पडला की नळीभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावाला उरते. नेमका तोच कूलर लावायचा मोसम: लोखंडी पेटी, आत पाणी, फरशीवर ओले पाय. मी दर आठवड्याला त्या नळीत दोन बादल्या पाणी ओततो. दुष्काळात टँकरची वाट बघायचो तेव्हाही ओतलं, आणि त्यावरून तुझ्या आजीची बोलणी खाल्ली. ते मी कपडे धुतलेलं पाणी ओतायचो, हे तिला अजून पटलेलं नाही.

दिवाळीत हा कंदील गच्चीवर टांगायचा मोह होईल. नको. आकाशकंदिलाची वायर वेगळी, उघड्यावरची. आपल्याकडे पत्र्याची घरं फार, आणि पत्र्याच्या कडेवरून आत घेतलेली वायर सोलली गेली की अख्खं छत जिवंत होतं. त्याच छताला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, आणि त्या तारेवर सकाळी ओला टॉवेल टाकणारी बाई. अशा घरी मी नंतर मीटर तपासायला गेलो आहे, त्याचं वर्णन करत नाही. उघड्यावर वायर घेतलीच तर होल्डरचं तोंड खाली, सांधा एकही नको, आणि होल्डरपाशी यायच्या आधी वायरीला खाली झोळ ठेव. दंवाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं ते झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, होल्डरात शिरत नाही. कपडे वाळायची दोरी सुताची किंवा नायलॉनची. तारेची कधीच नाही.

आणि कुणी चिकटलंच तर त्याला हात लावायचा नाही, आई असली तरी. आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरडं लाकूड, कोरड्या जागेवर उभं राहून. मग १०८.

टेस्टरचं एक सांगायचं राहिलं. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं धरून चालू नकोस, टेस्टरही मरतो. आधी जिथे वीज आहे हे माहीत आहे तिथे लावून बघ, मग संशयाच्या जागी, मग परत पहिल्या जागी. तिन्ही वेळा खरं बोलला तरच त्याचं ऐक. आणि बल्ब बदलताना, काच पुसताना, नुसती वातीची खुंटी फिरवून बघावीशी वाटली तरी पिन भिंतीतून काढून हातात घे. बटणावर जाऊ नकोस. पिन डोळ्यांसमोर असली की मग कंदील खरा विझलेला.

जोडून झाल्यावर लगेच सॉकेटात घालायचा नाही. इकडे घेऊन ये. माझा सिरीज बोर्ड अजून शाबूत आहे: एक शंभरचा गोळा, त्याच्या पुढे सॉकेट. तुझा कंदील त्यात लावू, आधी बल्बशिवाय. शंभरचा गोळा अंधारात राहिला तर आत काही टेकलेलं नाही. भकाभक पेटला तर कुठेतरी तपकिरी आणि निळी भेटल्यात, आणि तेव्हाही काही जळणार नाही, कारण सगळा भार गोळा घेईल. मग एक तार आणि कंदिलाचं अंग असं लावून बघू, तिथेही त्याने गप्प राहायला हवं. नंतर कंदिलात बल्ब. पाच वॅटच्या आसपासचा एलईडी आण. बंद काचेत मोठा बल्ब स्वतःच्या उष्णतेनेच लवकर मरतो. कंदिलाची वरची टोपी उघडी ठेव म्हणजे हवा खेळेल.

येताना एक काम कर. २०१५ मध्ये उजाला योजना आली, घरोघरी एलईडी गेले आणि दुकानातून जुने तारेचे गोळे हळूहळू नाहीसे झाले. सिरीज बोर्डाला एलईडी चालत नाही, शंभर वॅटचा काचेचा गोळाच लागतो. माझ्याकडे बोर्डावरचा एक आणि कपाटात कापसात गुंडाळलेला एक, एवढेच उरलेत. औरंगपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या दुकानात मिळाले तर दोन आण. पिनवाले. आणि ती स्पीकरची वायर पण आण, आजीला तोंडलीचा वेल बांधायचाय.

तुझा आबा